पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील स्त्रियांमधील त्वचा व केसांचे बदल

स्त्रियांमधील त्वचा व केसांचे बदल म्हणजे वय, संप्रेरके, आहार, प्रसाधने, हवामान आणि व्यवसाय यांच्या प्रभावाने स्त्रीच्या त्वचेचा रंग, पोत व स्निग्धता, तसेच केसांची वाढ व दाटी यांत पडणारे फरक होत. यांपैकी काही बदल निसर्गक्रमाचा भाग असतात, काही शरीरांतर्गत आजाराची लक्षणे असतात, तर काही बाहेरील पदार्थांच्या संपर्कातून उद्भवतात. एकच खूण या तिन्ही कारणांनी उमटू शकते. चेहऱ्यावरील पुळ्या संप्रेरकांमुळे येतात, तशाच यंत्रतेलामुळे किंवा चुकीच्या मलमामुळेही येतात. त्यामुळे उपचाराची दिशा खुणेवरून नव्हे, तर कारणावरून ठरते.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण या सलग औद्योगिक पट्ट्यात ही तिन्ही प्रकारची कारणे एकाच वेळी कार्यरत असतात. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी हा पट्टा उपयुक्त उदाहरण ठरतो.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड व भोसरी परिसरात कारखान्यांची वाढ वेगाने झाली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडला महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. पुढे, विशेषतः २००० नंतर, चाकण परिसर वाहननिर्मितीचे मोठे केंद्र बनला.

प्रारंभी यंत्रशाळांतील कामगार बहुतांशी पुरुष होते. स्त्रिया प्रामुख्याने वेष्टन, विद्युत सुट्या भागांची जोडणी, औषधनिर्मिती व सफाई या कामांत असत. अलीकडच्या काळात वाहनांच्या जोडणीतही स्त्रियांची संख्या वाढली असून टाटा मोटर्सच्या पुणे प्रकल्पात केवळ स्त्रियांनी चालविलेली जोडणी शाखा आहे. याखेरीज बांधकाम, शेती, घरकाम आणि चाकणच्या प्रसिद्ध कांदा बाजाराशी निगडित निवडणी-टिपणी यांतही मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच इतर राज्यांतून आलेल्या कुटुंबांचे प्रमाणही येथे मोठे आहे. स्थलांतराबरोबर पाणी, आहार, झोपेच्या वेळा व प्रसाधने ही सर्वच बदलतात.

केसांचे वाढचक्र

डोक्यावरील प्रत्येक केस वाढ, संक्रमण व विश्रांती या तीन अवस्थांतून जातो. वाढीची अवस्था सामान्यतः दोन ते सहा वर्षे, संक्रमणाची काही आठवडे आणि विश्रांतीची सुमारे तीन महिने टिकते. विश्रांती संपली की जुना केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते.

तीव्र ताप, प्रसूती, शस्त्रक्रिया, अचानक घटलेला आहार किंवा मोठा मानसिक आघात यांमुळे असंख्य केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात व दोन ते तीन महिन्यांनी एकत्र गळू लागतात. या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कारण आणि गळती यांतील या अंतरामुळे रुग्णाची दिशाभूल होते. केस गळू लागतात त्या सुमारास बदललेला शाम्पू, पाणी किंवा निवासस्थान यांना दोष दिला जातो. मूळ कारण मात्र तीन महिन्यांपूर्वीच्या डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणात असते. या प्रकारात केसांची मुळे शाबूत असतात, त्यामुळे कारण दूर झाल्यावर बहुधा सहा ते बारा महिन्यांत केस पुन्हा भरतात.

जीवनावस्थांनुसार होणारे बदल

यौवनारंभी पुरुषसदृश संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्राव निर्माण करतात. रोमकूपाचे तोंड बुजून तारुण्यपीटिका म्हणजेच मुरुमे येतात. ती अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वारंवार साबणाने घासल्यास त्वचेचा दाह उलट वाढतो. तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भाला गंभीर अपाय करते, त्यामुळे ते गर्भारपणात पूर्णतः वर्ज्य असून वैद्यकीय देखरेखीवाचून घेऊ नये.

गर्भारपणात ओटीपोटावर मध्यभागी काळी रेघ उमटते, स्तनाग्रे गडद होतात आणि पोटावर ताणाचे वण पडतात. गाल, कपाळ व वरच्या ओठावर तपकिरी डाग पडतात, त्यांना वांग म्हणतात. सूर्यप्रकाश, आनुवंशिकता व काही गर्भनिरोधक गोळ्या यांमुळेही वांग येतो किंवा वाढतो. गर्भारपणात केस दाट वाटतात, कारण विश्रांतीच्या अवस्थेत जाणाऱ्या केसांचे प्रमाण घटते. प्रसूतीनंतर साधारणतः तीन महिन्यांनी ते केस एकत्र गळतात. ही गळती नैसर्गिक असून स्तनपानाशी तिचा संबंध नाही.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने त्वचा कोरडी व पातळ होते, भांगाची रेषा रुंदावते आणि हनुवटीवर मोजके जाड केस येऊ शकतात.

अंतर्गत आजारांची लक्षणे

रक्तक्षय: लोहाच्या कमतरतेमुळे त्वचा फिकट पडते, केस विरळ होतात व नखे ठिसूळ किंवा चमच्यासारखी खोलगट होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के, तर भारतातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. हिमोग्लोबिन सामान्य असतानाही शरीरातील लोहसाठा घटलेला असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी करतात.

अवटू ग्रंथीचे विकार: अवटू ग्रंथीचा स्राव कमी झाल्यास त्वचा कोरडी व थंड होते, केस रूक्ष होऊन गळतात आणि भुवयांची बाहेरील टोके विरळ होतात. थकवा, वजनवाढ व मासिक पाळीतील अनियमितता ही सोबतची लक्षणे होत.

बहुपुटीय बीजांडकोश विकार: पीसीओएस या नावाने परिचित असलेल्या या विकारात मासिक पाळी लांबते, हनुवटी, छाती व पोटावर जाड केस येतात, प्रौढ वयातही मुरुमे राहतात आणि डोक्यावरील केस विरळ होतात. चेहऱ्यावर केस येणे हा रूपदोष समजून केवळ ते काढून टाकण्यावर भर दिला जातो. मात्र या विकारात मधुमेहाचा धोका वाढत असल्याने रक्तशर्करेची तपासणीही आवश्यक असते. हे केस अल्पावधीत झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर बीजांडकोश अथवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची शक्यता तपासावी लागते.

मानेचा काळेपणा: मान, काखा व जांघेतील त्वचा काळवंडून मखमलीसारखी जाड होणे हे बहुधा इन्सुलिन-प्रतिरोधाचे चिन्ह असते. तो मळ नसल्याने घासून जात नाही.

व्यवसायजन्य कारणे

तेले व शीतक द्रव: धातूचे कर्तन करताना वापरले जाणारे तेल व पाण्यात मिसळलेले कूलंट त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता नष्ट करतात. त्यातून हातांवर इसब होतो. कूलंट नासू नये म्हणून त्यात घातलेल्या जंतुनाशकांची काहींना ॲलर्जी होते. तेलाने भिजलेले कपडे अंगाला लागून राहिल्यास मांड्या व पुढील हातांवर काळ्या टोकांच्या पुळ्या येतात. त्यांना तेलजन्य मुरुमे म्हणतात. तारुण्यपीटिका मुख्यतः चेहरा, छाती व पाठीवर येतात, तर तेलजन्य मुरुमे तेल लागते तेथे येतात. स्थानातील हा फरक निदानास साहाय्यभूत ठरतो.

राळ, धातू व मुलामा: जोडणीतील इपॉक्सी राळेमुळे बोटांवर, तसेच तिच्या वाफेमुळे पापण्यांवर ॲलर्जी उद्भवते. निकेलचा त्रास नकली दागिन्यांमुळेही होतो. त्यामुळे कानाच्या पाळीवर व गळ्याभोवती खाज असलेल्या स्त्रीला निकेलयुक्त भाग हाताळतानाही त्रास होऊ शकतो. क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कामात बोटांवर खोल व्रण पडतात. बांधकामावरील स्त्रियांना ओल्या सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे व त्यातील क्रोमेटमुळे हातापायांचा दाह होतो.

हातमोजे: संरक्षक हातमोजेही क्वचित विकाराचे कारण ठरतात. अमेरिकेतील एका चर्मोद्योगात रबरी हातमोजे वापरणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याचे १९३९ मध्ये नोंदविले गेले. रबरात मिसळलेले मोनोबेंझिल ईथर ऑफ हायड्रोक्विनोन हे रसायन त्यास कारणीभूत होते. घामाने ओले झालेले किंवा आतून तेल लागलेले मोजे दीर्घकाळ घातल्यास दाह वाढतो. म्हणून आत सुती मोजा वापरणे व मोजे वेळेवर बदलणे हितावह असते.

टोपी व घट्ट अंबाडा: यंत्रात केस अडकू नयेत म्हणून ते घट्ट बांधून टोपीखाली ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने अनिवार्य असते. मात्र दीर्घकाळ ओढ बसल्याने कपाळालगतचे व कानांसमोरील केस विरळ होतात. सैल वेणी घालून ती टोपीत गुंडाळल्यास सुरक्षितता राखूनही ही हानी टळते. प्रारंभी थांबविल्यास केस परत येतात. अनेक वर्षांनी मुळेच नष्ट होतात.

कांदा व लसूण: लसूण सोलण्याचे व कांदा निवडण्याचे काम सातत्याने करणाऱ्यांच्या अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाची टोके कोरडी पडून भेगाळतात. लसणातील डायअलिल डायसल्फाइड हा घटक याचे प्रमुख कारण आहे. सुरी ज्या हातात असते त्याहून लसूण धरणाऱ्या हाताची बोटे अधिक बाधित होतात.

गाजरगवत: मोकळे भूखंड, रस्त्यांच्या कडा व पडीक शेते यांत वाढणारे गाजरगवत अथवा काँग्रेस गवत पुणे परिसरात १९५० च्या दशकात प्रथम लक्षात आले. त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाच्या नोंदी डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केल्या. या वनस्पतीतील पार्थेनिन व तत्सम द्रव्ये हवेतील कणांद्वारे पापण्या, मान व कोपरांच्या खळग्यांत इसब उत्पन्न करतात. हा दाह केवळ उन्हाचा समजला गेल्यास रुग्ण वर्षानुवर्षे चुकीचे उपचार घेत राहतो.

प्रसाधनांमुळे होणारे बदल

चिकट टिकली: कपाळावर टिकलीच्या नेमक्या आकाराचा पांढरा डाग पडणे हा भारतात विशेषत्वाने आढळणारा विकार आहे. टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. अलाहाबाद येथील डॉ. बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. टिकली त्वरित थांबविल्यास रंग परतण्याची शक्यता असते. वापर चालू राहिल्यास डाग पसरू शकतो. हळद व चुन्यापासून बनविलेल्या पारंपरिक कुंकवाऐवजी आता अनेकदा कृत्रिम रंगांचे कुंकू विकले जाते. त्यामुळे कपाळ व भांगात दाह होऊन काळपटपणा येऊ शकतो.

केशरंग: काळ्या केशरंगातील पॅराफेनिलिनडायअमीन या द्रव्याने टाळू, कान व पापण्यांना तीव्र सूज येऊ शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांतही तेच असते. एकदा ॲलर्जी निर्माण झाली की ती बहुधा आयुष्यभर टिकते.

गोरेपणाची मलमे: तीव्र स्टेरॉइड असलेली मलमे काही दिवसांत चेहरा उजळवितात, पुढे मात्र त्वचा पातळ होऊन लाली, पुळ्या, लव व उन्हाची आग असे त्रास सुरू होतात. मलम थांबविताच लक्षणे उसळतात व रुग्ण पुन्हा तेच लावतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या अनुसूची ‘एच’मध्ये समाविष्ट केले. काही क्रीममध्ये पारा आढळतो. २०२३ मध्ये अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाल्यावर त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईतील तपासणीत दिसून आले. भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार डोळ्यांची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने राहिलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकी आहे.

बुरशीजन्य विकार

उष्ण हवा, घाम, जाड गणवेश व घट्ट कृत्रिम वस्त्रे यांमुळे जांघ, कंबर व स्तनांखाली नायटा अर्थात गजकर्ण होतो. गेल्या दशकभरात भारतात हा विकार चिवट बनला असून ट्रायकोफायटन इंडोटिनी या २०२० मध्ये वर्णन केलेल्या प्रजातीत टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला प्रतिरोध वारंवार आढळतो. स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम लावल्यास खाज थांबते, परंतु बुरशी पसरत राहते. कंबरेला नाडी बांधतात तेथील डागाकडे स्त्रिया संकोचाने दुर्लक्ष करतात. कपडे, पंचा व अंथरूण एकत्र वापरणाऱ्या सर्वांनी एकाच वेळी उपचार न घेतल्यास संसर्ग घरात फिरत राहतो.

बुरशीनाशकांच्या संशोधनाशी पिंपरीचा ऐतिहासिक संबंध आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळविले. जिवाणूच्या नावात पिंपरीचा व औषधाच्या नावात संस्थेच्या आद्याक्षरांचा उल्लेख आहे. हे औषध मुख्यतः तोंड व योनिमार्गातील कँडिडा संसर्गासाठी वापरले गेले. नायट्याची बुरशी वेगळ्या गटातील आहे.

पाणी व केसगळती

‘येथील पाण्याने केस गळतात’ ही समजूत या पट्ट्यात नव्याने आलेल्या कुटुंबांत सर्वत्र आढळते. पिंपरी-चिंचवडला प्रामुख्याने पवना धरणाचे पाणी मिळते. अनेक नव्या वसाहती व चाकण परिसरातील काही भाग मात्र कूपनलिका व टँकरवर अवलंबून असतात. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्यास साबणाचा फेस होत नाही, केसांवर थर बसतो आणि ते राठ होऊन मध्येच तुटतात. तुटलेला केस आखूड असून त्याच्या टोकाला मूळ नसते, तर मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकास बारीक पांढरा गोळा दिसतो. कठीण पाण्यामुळे मुळापासून केस गळतात असे सिद्ध झालेले नाही.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात व परिसरात अनेकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले, तेव्हाही प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे पाहणी केली. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र अभ्यासान्ती आहारातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक असल्याचे व रुग्णांत जस्ताचे प्रमाण कमी असल्याचे मांडले. संशय पाण्यावर असला तरी अन्नाचीही तपासणी करावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

निदान

निदानात रुग्णाच्या दिनक्रमाची माहिती सर्वाधिक उपयोगी पडते. कोणत्या यंत्रावर काम आहे, कोणते द्रव हाताला लागतात, सुट्टीत किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होतो का, गेल्या सहा महिन्यांत आजारपण वा प्रसूती झाली का आणि कोणते मलम लावले, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. सुट्टीत बरा होणारा व कामावर परतताच उलटणारा इसब व्यवसायजन्य असण्याची शक्यता बळावते. संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून दोन व चार दिवसांनी निरीक्षण करण्याच्या पद्धतीस पॅच चाचणी म्हणतात.

पांढरट डागाच्या बाबतीत संवेदना तपासणे अत्यावश्यक आहे. कोड अथवा टिकलीच्या डागात स्पर्शज्ञान टिकून असते, तर कुष्ठरोगाच्या डागात ते बहुधा कमी झालेले असते. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. परिसरात महानगरपालिकेचे पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, मोहननगर-चिंचवड येथील कामगार विमा रुग्णालय व चाकण येथील ग्रामीण रुग्णालय या सार्वजनिक सोयी आहेत.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत खनिज तेलजन्य मुरुमे व त्वचादाह, क्रोमियमचे व्रण, तसेच रसायने व रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्कातून होणारा त्वचादाह यांचा अधिसूचनीय रोगांत समावेश करण्यात आला. या अधिनियमाच्या कलम ८९ नुसार असा रोग आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापनाने व तपासणाऱ्या डॉक्टरने तो कारखाना निरीक्षण यंत्रणेस कळविणे बंधनकारक ठरविले गेले. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही अधिसूचनीय रोगांची अनुसूची आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. कंत्राटी कामगारही योजनेस पात्र असतात. मात्र हातावरील इसब ‘साधी खाज’ म्हणून नोंदला गेल्यास त्याचा कामाशी असलेला संबंध कागदावर येत नाही आणि काम बदलून मागण्याचा किंवा भरपाईचा आधार नाहीसा होतो. म्हणून डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगणे व ते केसपेपरवर लिहून घेणे महत्त्वाचे ठरते.

सामाजिक परिणाम

त्वचा व केसांतील बदलांचा भार स्त्रियांवर विवाह, रोजगार व लोकापवाद या तिन्ही अंगांनी पडतो. टिकलीचा डाग कोड समजला जातो, कोड कुष्ठरोग समजला जातो आणि कुष्ठरोग अजूनही कलंक मानला जातो. वस्तुतः पहिले दोन मुळीच संसर्गजन्य नाहीत व तिसरा पूर्णतः बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ च्या वैयक्तिक कायदे (सुधारणा) अधिनियमाने वगळण्यात आल्या. काम सुटेल या भीतीने हातावरील व्रण लपविणे आणि औषधाच्या दुकानातून परस्पर मलम घेणे यांमुळे सहज टाळता येणारा विकार दीर्घकालीन बनतो. इसब जुनाट होण्यापूर्वी संपर्क थांबविल्यास बहुतेक स्त्रिया योग्य संरक्षणासह काम चालू ठेवू शकतात.

हे सुद्धा पाहा

कोड
इसब
गाजरगवत
रक्तक्षय
हिंदुस्तान अँटिबायोटिक्स
पिंपरी-चिंचवड
चाकण